सहावा मुद्दा

गेली बावीस वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि त्यातली बहुतेक वर्षं बी.ए.च्या शेवटच्या वर्गाला एक अमेरिकन कवी शिकवते. शिकवते म्हणजे डिक्टेट करते. कवी जुना, दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की देव झाडापानांत आहे आणि माणसाच्या आत आहे, त्यामुळे मधल्या दलालांची गरज नाही. गर्दी म्हणते म्हणून काही खरं होत नाही. स्वतःच्या मनाला पटेल तेच धरा. कुणाची नक्कल करू नका.

‘नक्कल करू नका’ हे वाक्य मी सावकाश आणि दोनदा सांगते, म्हणजे सगळ्यांना नीट उतरवून घेता येतं. साठ माना एकदम खाली जातात, साठ पेनं चालतात. कुणाचं हुकलं तर शेजारच्या वहीतून बघून घेतात. ‘मॅडम, नक्कल करू नकाच्या पुढे फुलस्टॉप की कॉमा?’ असंही एकदा एकीने विचारलं होतं. मी फुलस्टॉप सांगितला.

कवीचं नाव इथे लिहीत नाही. एवढी वर्षं मी त्याच्यावर जे काही केलं, त्यानंतर निदान एवढी तरी सभ्यता दाखवावी. शिवाय त्याला नाशिकमध्ये ओळखणारेही निघतील. गंगापूर धरणाच्या पाण्याकडेला ज्यांचे फार्महाउस आहेत ते सगळे स्वतःला त्याच मताचे समजतात. शनिवारी गाडी भरून निसर्गात जायचं, स्पीकर लावायचा, आणि रविवारी संध्याकाळी ग्रुपवर सूर्यास्ताचा फोटो टाकून खाली ‘साधेपणा’ असं लिहायचं. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण वापरायची झाली तर मला आरशासमोर उभं राहून वापरावी लागेल.

तर गोष्ट सहाव्या मुद्द्याची आहे.

एका वर्षी पेपरचा नमुना बदलला. आधी या कवीवर दहा मार्कांचा प्रश्न यायचा: ‘कवीच्या विचारांची वैशिष्ट्ये सांगा.’ माझ्या नोट्समध्ये पाच वैशिष्ट्यं होती. निसर्ग हा गुरू, माणसातला देव, स्वतःवरचा विश्वास, साधं जगणं, आणि अन्याय्य कायद्याला नकार. पाच मुद्दे, दुणे दहा. सगळं कसं जमलेलं. नव्या नमुन्यात तोच प्रश्न बारा मार्कांना आला. मुद्द्याला दोन मार्क हा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. तो कवीलाही मोडता आला नसता.

‘मॅडम, बाराला सहा पॉइंट लागतात,’ मुलं म्हणाली. त्यांचं बरोबर होतं. मी त्या कवीची पाचच वैशिष्ट्यं सांगत होते आणि मुलांचे दोन मार्क बुडत होते. तासाला पाच मिनिटं उरली होती. मी खिडकीबाहेर बघितलं, पर्समध्ये मोबाइल थरथरत होता, बहुतेक चांदवडहून आईचा असणार, आणि मी म्हटलं, ‘लिहा. सहा. मातृभक्ती. कवीच्या विचारांच्या मुळाशी त्याची आई आहे. निसर्गाकडे तो आईच्या नजरेने पाहतो.’

कुणी मान वर केली नाही. करतील कशाला? कवी आहे म्हणजे आई असणारच. मराठी माणसाला दुसरा कुठलाही मुद्दा खोटा वाटेल, आईचा कधी वाटणार नाही. खरं म्हणजे मी त्या कवीचं जेवढं वाचलं होतं त्यात आई कुठे मध्ये आलेली मला आठवत नव्हती. पण मी त्याचं सगळं वाचलं होतं अशातलाही भाग नव्हता.

पुढच्या वर्षी हा मुद्दा काढून टाकायचा असं मी ठरवलं होतं. पण पुढच्या वर्षीपर्यंत तो माझा राहिलाच नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या नोट्स असतात हे मला माहीत होतं. त्या नोट्स नाशिकरोडला, सिन्नरला, तिथून पुढे कुठे कुठे जातात हे माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका गाईडमध्ये सहावा मुद्दा छापून आला, चौकटीत, ‘महत्त्वाचे’ असा शिक्का मारून. पाचव्या वर्षी सिन्नरच्या एका चर्चासत्रात आमच्याच विषयाच्या एका सरांनी त्या कवीच्या मातृभक्तीवर वीस मिनिटांचा निबंध वाचला. मी अध्यक्ष होते. समारोपात मी म्हटलं की विषयाच्या एका उपेक्षित बाजूवर सरांनी प्रकाश टाकला. मनात पहिल्यांदा लाज वाटली होती. टाळ्या पडल्यावर थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

हेच सर पुढे विद्यापीठासाठी आदर्श उत्तरं तयार करायला लागले. आदर्श उत्तर म्हणजे पेपर तपासताना आमच्या पुढ्यात ठेवलेला कागद. त्यात जे मुद्दे आहेत त्यांना मार्क, नाहीत त्यांना नाही. त्या कागदावर सहा नंबरला कवीची आई सुखाने नांदू लागली.

मग ती मुलगी आली.

एकलहऱ्याहून बसने यायची. वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. तिसऱ्या बाकावर बसायची आणि मी डिक्टेट करत असताना मधूनच लिहायची थांबायची. शिक्षकाला अशी मुलं ताबडतोब कळतात आणि आवडत नाहीत. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. हातात आमच्या लायब्ररीतलं त्या कवीचं जाडजूड पुस्तक होतं. ते पुस्तक लायब्ररीत आहे हेच मला नवीन होतं.

तिने विचारलं की आईबद्दलचं कवीने नेमकं कुठे लिहिलंय. तिने पूर्ण पुस्तक वाचलं होतं, कविता आणि निबंध दोन्ही, डिक्शनरी घेऊन, दिवाळीच्या सुट्टीत. तिला सापडलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं; मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं की सगळं एका पुस्तकात नसतं, संदर्भग्रंथ बघावे लागतात. कुठला ग्रंथ, हे तिने वहीचं पान उघडून विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या वर्ष संपेपर्यंत उगवला नाही.

परीक्षा झाल्या आणि उन्हाळ्यात आम्ही पेपर तपासणी केंद्रात बसलो. लांब टेबलं, नंबर झाकलेले गठ्ठे, दर दीड तासाने चहा. आदर्श उत्तरवाले सर आमच्या टेबलाचे मॉडरेटर होते, म्हणजे आम्ही तपासलेले काही पेपर ते पुन्हा बघणार. तिथे कुणी वाचत नाही. वाचत बसलं तर गठ्ठा संपत नाही. आम्ही मुद्दे मोजतो. निसर्ग, टिक. देव, टिक. आई, टिक. हाताला सवय झालेली असते, डोळे फक्त सोबतीला.

तिसऱ्या दिवशी एका उत्तरपत्रिकेवर हात अडला. पाच मुद्दे अगदी व्यवस्थित, माझ्या नोट्समध्ये नव्हते असे दाखले देऊन. आणि सहाव्याच्या जागी इंग्रजीत, थोड्या चुकत, पण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की सहावा मुद्दा मातृभक्तीचा सांगितला जातो. तो मी कवीच्या पुस्तकात शोधला, मला मिळाला नाही. जे आपल्याला स्वतःला पटलेलं नाही ते इतर म्हणतात म्हणून मानू नये, हे या कवीचं तिसरं वैशिष्ट्य मी वर लिहिलं आहे. त्यामुळे सहावा मुद्दा मी लिहीत नाही.

नंबर झाकला होता, तरी पेपर कुणाचा हे कळायला मला ज्योतिषाची गरज नव्हती. सबंध आयुष्यात मी तपासलेल्या उत्तरांत त्या कवीचं म्हणणं समजलेलं ते एकमेव उत्तर होतं. बारापैकी बारा द्यायला हवे होते. शेजारी सर चहा पीत होते आणि त्यांच्या हाताखाली आदर्श उत्तर होतं. मी बारा दिले असते तर त्यांनी विचारलं असतं, का? मग मला सांगावं लागलं असतं, का ते.

मी लाल पेनने लिहिलं, ‘पॉइंट मिसिंग’, आणि दहा दिले. पुढचा पेपर उघडला. त्यात आई होती.

निकाल लागला तेव्हा ती मुलगी पास झाली होती, पण बी.एड.ला लागतात त्या टक्क्यांना दोन मार्क कमी पडले. सीईटी तिने चांगली काढली होती. शिक्षिका व्हायचं हे तिचं नववीपासून ठरलेलं. आता त्या दोन मार्कांवर सगळं अडलं होतं. तिने उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली आणि ती घेऊन माझ्याकडे आली. सोबत वडील होते, पहिली पाळी संपवून थेट आलेले, बुटांवर राख तशीच. ते स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर विषयशिक्षकाचा शेरा लागतो. उत्तर का बरोबर आहे, ते शिक्षकाने लिहून सही करायची, मग अर्ज कॉलेजच्या ऑफिसातून विद्यापीठाकडे जातो. प्रवेशाची शेवटची फेरी महिनाअखेरच्या गुरुवारी होती. हे सगळं तिने मला तारखांसकट सांगितलं. मग फोटोकॉपी पुढे सरकवली. फोटोकॉपीत लाल शाई काळी दिसते, पण माझं अक्षर मला ओळखू आलं.

‘मॅडम, तपासणाऱ्यांनी पॉइंट मिसिंग लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘तो मिसिंग नाहीये. तो नाहीच आहे.’

मी काहीतरी बोलले, बघते, नियम असतात वगैरे. ती ऐकून घेत होती. मग तिने अगदी शांतपणे, भांडणाचा सूर अजिबात न लावता म्हटलं, ‘मला दोन कमी दिले त्याचं काही नाही. पण ज्यांनी खोटं लिहिलं त्यांना दोन जास्त दिलेत ना?’

दारातून वडील म्हणाले, ‘पोरगी लय डोकं खाते ना मॅडम? चूक आमचीच हाय. आमच्याकडं विहारात, घरात, बारकी होती तवापासून तेच शिकवलंय. कुनी सांगितलं म्हणून मानायचं नाय, तपासून बघायचं. आता तेच नडलं बघा तिला.’

अमेरिकेतला तो कवी मी इतकी वर्षं ज्यासाठी डिक्टेट करत होते, ते या माणसाने ठेकेदाराची पाळी करता करता घरात शिकवून टाकलं होतं, आणि वर माफी मागत होता. मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. शेरा लिहून देते, असं मी म्हटलं आणि अर्ज ठेवून घेतला.

तो अर्ज नऊ दिवस माझ्या कपाटात होता.

त्या नऊ दिवसांत मी रिकामी बसले नव्हते, असं कुणी समजू नये. पहिले दोन दिवस मी योग्य शब्द शोधत होते. इंग्रजीच्या प्राध्यापिकेला योग्य शब्द मिळायला वेळ लागतोच. तिसऱ्या दिवशी मी आदर्श उत्तरवाल्या सरांकडे गेले आणि आडून आडून विचारलं की समजा, एखादा मुद्दा मुळातच चुकीचा निघाला तर? सर हुशार. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम; शेऱ्यात ‘सहानुभूतीने विचार व्हावा’ एवढं लिहा, आपलं काम झालं. त्यांचा निबंध एव्हाना छापून आला होता, त्यामुळे त्यांनाही त्या आईची काळजी होतीच. चौथ्या दिवशी मी सहानुभूतीचं वाक्य लिहिलं आणि फाडलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही. त्या मुलीने ते वाचलं असतं, या भीतीने फाडलं. मग एक सुट्टी आली, मग रविवार.

सातव्या दिवशी तिचा फोन आला. अर्ज कुठवर आला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ‘ऑफिसात दिलाय गं. तुला माहितीय ना ऑफिसचं.’ ती म्हणाली, हो मॅडम, माहितीय. अर्ज तेव्हा माझ्यापासून चार फुटांवर होता.

नवव्या दिवशी मी लिहिलं. सहावा मुद्दा कवीचा नाही. तो अमुक साली वर्गात मी स्वतः रचून सांगितला, पुढे तो गाईडमध्ये आणि आदर्श उत्तरात गेला, या विद्यार्थिनीचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. खाली पूर्ण नाव, सही. तपासणारीही मीच होते, हे मात्र लिहिलं नाही. तपासणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे आणि नियम मी पाळते. अर्ज मी स्वतः ऑफिसात नेऊन दिला आणि बाहेर येऊन दोन कप चहा प्यायले.

बातमी पसरली. मला वाटलं होतं, लोक तोंडात शेण घालतील. तर उलटंच झालं. स्टाफरूममध्ये लोक उठून उभे राहिले. केवढं धाडस, म्हणाले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की स्वतःची चूक जाहीर कबूल करणारे शिक्षक आता राहिले कुठे. शिक्षकदिनाला ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर बोलायला मलाच उभं केलं. मी बोलले. अडीच पानं लिहून नेली होती, पुढच्या रांगेतल्या मुली टिपून घेत होत्या. आदर्श उत्तरवाले सर तेवढे माझ्याशी बोलेनासे झाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

विद्यापीठाने समिती नेमली. समितीने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कुणालाही न दुखावणारा निर्णय दिला. मुद्दा वादग्रस्त असल्यामुळे प्रश्न सोडवणाऱ्या सर्वांना सहाव्या मुद्द्याचे दोन मार्क सरसकट द्यावेत. ज्यांनी आई लिहिली त्यांनाही, आणि जिने नाही लिहिली तिलाही. तिचे दोन मार्क वाढले. ते सांगणारं पत्र बुधवारी आलं. प्रवेशाची शेवटची फेरी त्याच्या आधीच्या गुरुवारी संपली होती. वरातीमागून घोडं ते हेच. घोडं सहा दिवस उशिरा आलं.

सहा दिवस. मी गणितात कच्ची आहे, पण नवातून सहा जातात एवढं मलाही कळतं. अर्ज चौथ्या दिवशी सहानुभूतीऐवजी खरं लिहून दिला असता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक, कदाचित अगदी काठावर असता. पहिल्या दिवशी दिला असता तर ती आज बी.एड.च्या वर्गात बसलेली असती, यात मला शंका नाही.

ती आता सिन्नरच्या एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवते. बी.एड. नाही म्हणून तात्पुरती, वर्षभराच्या बोलीवर. मागच्या महिन्यात ती पेढे घेऊन घरी आली. शाळेतल्या गमती सांगितल्या. पाढे म्हणताना एका मुलाने सातचा पाढा मध्येच थांबवून, हे खरंच एवढे होतात का, असं विचारलं, तेव्हा तिने सगळ्या वर्गाला चिंचोके मोजायला बसवलं, अख्खा तास गेला, आणि मुख्याध्यापिका रागावल्या. सांगताना ती हसत होती. मलाही हसू आलं, आणि आतून भरून आलं.

जाताना ती पाया पडायला वाकली. मी अर्ध्यात धरलं.

‘तुम्ही होतात म्हणून, मॅडम,’ ती म्हणाली. ‘स्वतःच्या नावानिशी एवढं कोण लिहून देतं? त्या ऑफिसवाल्यांनी कागद दाबून ठेवला नसता तर वर्षही वाचलं असतं.’

मी पेढा उचलून तोंडात टाकला. तोंडात पेढा असला की माणसाला बोलता येत नाही, ही एक मोठी सोय आहे. ती चपला घालून जिना उतरली, खालून हात केला, मीही केला. कागद ऑफिसने दाबला नव्हता, मी दाबला होता, हे मी तिला सांगितलं नाही. पेढा संपल्यावरही नाही.